थंडीत उशिरा उठा, बॉस!

मुंबईला हिवाळाच नसतो, असं पुण्याची माणसं म्हणतात. म्हणू देत! सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ या दिवशी पारा ७.४ अंशांवर उतरला होता, एवढं त्यांना ऐकवायचं आणि विषय बदलायचा. बाकी आपलं आपल्याला माहीत असतं. पारा सोळा-सतरावर आला रे आला की वॉचमनकाकांच्या डोक्यावर कानटोपी, ऑफिसात ठेवणीतली जॅकेट्स आणि कँटीनमध्ये आल्याच्या चहाला लाइन. आणि हो, खोकला. तो तर मस्टच!

माझा खोकला डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात येतो. पाहुण्यासारखा चार दिवस राहून जाईल तर शपथ! तो भाडेकरूसारखा घर धरून बसतो. मी राहते वर्सोव्यात, यारी रोडला. ऑफिस अंधेरी ईस्टला. म्हणजे सकाळी रिक्षा, मग मेट्रो, मग नऊ तास एसीची थंडगार झुळूक थेट मानेवर. त्यात मला लहानपणापासून दमा. इतरांची सर्दी नाकातच आटोपते, माझी मात्र छातीत उतरते. दोन हिवाळ्यांपूर्वी तर एका रात्री फ्लॅटमेट मला घेऊन रिक्षाने इमर्जन्सीला धावली होती. नेब्युलायझरचा मास्क लावून बसल्यावर पहाटे तीनला मी ठरवलं, पुढच्या थंडीची तयारी थंडी यायच्या आधी करायची.

तयारी म्हणजे काय, हे मात्र जो तो वेगळं सांगत होता. छातीच्या डॉक्टरांनी फ्लूची लस दिली आणि रोजचा इन्हेलर चुकवायचा नाही, असा दम भरला (दम्याच्या पेशंटला दम, चालायचंच). आईने सोलापूरहून डिंकाचे लाडू पाठवले. आणि फ्लॅटमेट म्हणाली, ‘माझी मान जिथे सुटली ना, त्या ॲक्युपंक्चरवाल्या मॅडमकडे एकदा चल.’ सुया? चिनी? थंडीसाठी? मी गेले. निम्मी उत्सुकतेपोटी, निम्मी कंटाळून.

वारं लागलं!

मॅडम मराठीच निघाल्या. भिंतीवर ड्रॅगन नाही, अगरबत्ती नाही. साधी खोली, स्वच्छ पलंग. आधी अर्धा तास नुसते प्रश्न. झोप किती? पाय गार पडतात का? तहान गरम पाण्याची लागते की फ्रिजमधल्या? जीभ बघितली. दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी बघितली. आणि मग म्हणाल्या, ‘इन्हेलर दाखव. हा बंद करायचा नाही. मी जे करणार आहे ते याच्या जोडीला, याच्या बदल्यात नाही.’ त्या क्षणी माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

चिनी वैद्यकात बाहेरून येणाऱ्या आजाराचा म्होरक्या असतो वारा. त्यांच्या भाषेत ‘फंग’. थंडी त्याच्या पाठीवर बसून अंगात शिरते, अशी कल्पना. शिरायची जागाही ठरलेली, मान आणि पाठीचा वरचा भाग. तिथल्या एका बिंदूचं नावच ‘फंगमेन’, म्हणजे वाऱ्याचं दार! कवटीच्या खालच्या कडेला मानेच्या दोन्ही बाजूंना ‘फंगची’, म्हणजे वाऱ्याचं तळं. हे ऐकून मला हसूच आलं. आमची आज्जी दुसरं काय सांगत होती? ‘मानेवर वारं घेऊ नकोस, बाधेल.’ आपल्याकडेही वारं लागतंच की!

आता सर्दी व्हायरसमुळे होते, वाऱ्यामुळे नाही, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. पण गार, कोरड्या हवेने नाकातलं अस्तर सुकतं आणि दम्याच्या श्वासनलिका आकसतात, हेही खरंच आहे. एसीच्या झोताखाली बसून मानेला स्कार्फ गुंडाळणारी मुलगी येडी नसते, एवढं नक्की. मी जागा बदलून मागितली, मिळाली नाही. मग स्कार्फ आणला.

सुयांचं म्हणाल तर केसाएवढ्या बारीक. एकदा वापरून टाकून द्यायच्या, पाकीट माझ्यासमोर फोडलेलं. टोचल्यासारखं कमी आणि जडपणा जास्त जाणवतो. पंचवीस मिनिटं फोनशिवाय पडून राहायचं. खरं सांगू? त्या वर्षात दिवसाउजेडी पंचवीस मिनिटं मी पहिल्यांदाच गप्प पडले होते!

चिनी लोक थंडीत आणखी एक प्रकार करतात, तो म्हणजे मोक्सा. सुकवलेल्या पाल्याची कांडी पेटवून बिंदूंजवळ धरायची आणि शेक द्यायचा. हा पाला आपल्या देवाला वाहतात त्या दवण्याच्या कुळातला. पण मॅडमनी मला तो साफ नाकारला. ‘तुला दमा, आणि खोलीत धूर? अजिबात नाही.’

आलं, बोर आणि भाताची पेज

मी जरा वाचायला लागले. चिनी वैद्यकात झांग झोंगजिंग नावाचे एक मोठे वैद्य होऊन गेले. साधारण अठराशे वर्षांपूर्वीचे. थंडीने होणाऱ्या तापांवर त्यांनी अख्खा ग्रंथ लिहिला. चीनच्या उत्तरेत डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवशी घरोघरी डंपलिंग्ज खातात, त्याची गोष्टही यांच्याच नावावर आहे. गावातल्या गरिबांचे कान थंडीने फुटलेले बघून त्यांनी मटण आणि गरम मसाल्याची औषधं कणकेच्या कानासारख्या पारीत भरून, उकडून वाटली म्हणे. दंतकथाच ती, पण काय गोड आहे! कानाला थंडी लागली तर कानाच्या आकाराचं काहीतरी खा. आपण कानटोपी घातली, त्यांनी कान खाल्ले.

त्यांचा सर्दीच्या सुरुवातीचा प्रसिद्ध काढा पाच गोष्टींचा. दालचिनीच्या कोवळ्या डहाळ्या, पिओनी नावाच्या फुलझाडाचं मूळ, ताजं आलं, ज्येष्ठमध आणि लाल चिनी बोरं. पिओनी सोडली तर बाकीची यादी घेऊन तुम्ही चार बंगल्याच्या मार्केटात फिरू शकता! आणि काढा प्यायल्यावर काय करायचं? गरमागरम पातळ भाताची पेज प्यायची, पांघरूण घेऊन पडायचं आणि हलका घाम येऊ द्यायचा. घामाने निथळायचं मात्र नाही. मी हे आईला फोनवर सांगितलं. आई म्हणाली, ‘अगं, मग आज्जी काय वेगळं करत होती की? त्यासाठी चीनला कशाला जायचं?’

खेकडा गरम की थंड?

पण थांबा. सगळंच काही जुळत नाही. आणि गंमत तिथेच आहे.

आमच्या वर्सोव्याच्या कोळीवाड्यात (जुनी माणसं अजूनही वेसावेच म्हणतात) मी रविवारी मासे घ्यायला जाते. थंडीत तिथे बांबूंवर बोंबील सुकत असतात आणि वासावरून घर सापडतं. माझा खोकला ऐकून मावशी म्हणाल्या, ‘पोरी, चिंबोऱ्यांचा रस्सा कर. गरम पडतात. छाती मोकळी होईल.’ अख्ख्या कोकणात हेच सांगतात, खेकडा उष्ण.

आणि चिनी वैद्यकात? खेकडा थंड! इतका थंड की तो आल्याबरोबर आणि गरम केलेल्या तांदळाच्या वाइनबरोबर खायचा, नाहीतर पोटाला बाधतो म्हणतात. एकच चिंबोरी. वर्सोव्यात गरम, शांघायमध्ये थंड.

मी मॅडमना विचारलं. त्या हसून म्हणाल्या, ‘तुला काय झेपतं ते बघ.’ मग मी माझ्यापुरता हिशेब मांडला. उष्ण-थंडच्या याद्या गावागणिक बदलतात, त्यामुळे त्यांवरून भांडण्यात अर्थ नाही. पण जिथे चिनी वैद्य, आपलं आयुर्वेद आणि मासेवाल्या मावशी असे तिघंही एकच सांगतात, तिथे कान द्यायचा. तिघांचं एकमत कशावर? थंडीत ताजं, शिजवलेलं, गरम खा. फ्रिजमधलं बाहेर काढून तसंच खाऊ नका. अंग झाका, पाय गरम ठेवा. आणि मावशींचा रस्सा? तो मी केला. नाक वाहिलं, घाम आला, छान झोप लागली. उष्ण की थंड, देव जाणे!

सोलापूर कनेक्शन

मी सोलापूरची, त्यामुळे चीन म्हटलं की मला एकच माणूस आठवतो. डॉ. द्वारकानाथ कोटणीस. आमच्या गावचे, १९१० साली जन्मलेले, मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेले. १९३८ साली जपानने चीनवर हल्ला केलेला असताना भारतातून पाच डॉक्टरांचं पथक तिकडे गेलं, त्यात ते होते. नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस तिथेच राहिले, क्वो छिंगलान या नर्सशी लग्न केलं, मुलगा झाला आणि ९ डिसेंबर १९४२ला फिट्सच्या आजाराने गेले. वय अवघं बत्तीस. व्ही. शांतारामांनी १९४६ साली त्यांच्यावर सिनेमा काढला. सोलापुरात त्यांचं स्मारक आहे, शाळेची सहल जाते.

कोटणीस सर्जन होते, सुया टोचणारे नव्हे. पण त्याच पथकातले डॉ. बिजयकुमार बसू पुढे १९५०च्या दशकाच्या शेवटी पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकून आले आणि कोलकात्यात त्यांनी ते सुरू केलं. भारतात हे शास्त्र रुजलं ते मुख्यतः त्यांच्यामुळे. म्हणजे आज माझ्या मानेवर टोचली जाणारी सुई कुठून तरी त्या पथकाशी जोडलेली आहे. आणि आता महाराष्ट्रात यासाठी २०१५चा स्वतंत्र कायदा आहे, ॲक्युपंक्चर कौन्सिल आहे, थेरपिस्टची नोंदणी होते. तेव्हा पलंगावर आडवं पडण्याआधी नोंदणी विचारा. लाजू नका. आपण रिक्षावाल्याला मीटर विचारतोच ना?

पुडीतलं औषध? नको!

डिसेंबरात टीममधला एकजण ग्वांगझौहून आला आणि सर्वांना सर्दीच्या हर्बल पुड्या वाटल्या. वर सगळं चिनी. मी मॅडमना दाखवली. ‘यात काय आहे हे मला वाचता येत नाही, तुला येत नाही. मग प्यायची कशाला?’ पुडी कचऱ्यात.

त्यामागे कारण आहे. चिनी वैद्य दमा-सर्दीत वापरतात ती ‘मा-ह्वांग’ ही वनस्पती खोटी नाही, चांगली जोरदार आहे. तिच्यातलं इफेड्रिन जपानी शास्त्रज्ञ नागाई यांनी १८८५ साली वेगळं केलं आणि पुढे कित्येक वर्षं ते दम्याचं औषध म्हणून जगभर चाललं. पण ते ब्लड प्रेशर वाढवतं, हृदयावर ताण आणतं. मा-ह्वांग असलेल्या फूड सप्लिमेंट्सवर अमेरिकेने २००४मध्ये बंदी घातली. दम्यासाठी त्याहून सुरक्षित औषधं आज माझ्या इन्हेलरमध्ये आहेत. बेल्जियममध्ये १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तर वजन कमी करण्याच्या चिनी पुड्यांमध्ये एका वनस्पतीच्या जागी दुसरीच गेली आणि कितीतरी बायकांची मूत्रपिंडं कायमची निकामी झाली. चिनी शास्त्रात हिवाळा हा मूत्रपिंडं जपायचा ऋतू. आणि पुडीने घात केला तो नेमका त्यांचाच!

उलट बाजूही सांगते. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन हेही जुन्या चिनी ग्रंथातल्या नोंदीवरूनच सापडलं. तू यूयू या बाईंना त्यासाठी २०१५चं नोबेल मिळालं. पण मधे प्रयोगशाळा होती, माणसांवरच्या चाचण्या होत्या, डोस ठरला होता. जुनं ते सोनं असेलही, पण सोनाराकडे तपासून घ्यावं.

सुयांबद्दलही तेच. जुनाट मानदुखी, पाठदुखी, डोकेदुखीत त्यांचा काही लोकांना फायदा होतो, असं सांगणारे अभ्यास आहेत. सुयांनी दमा बरा होतो, याला भक्कम पुरावा नाही. मॅडमनी पहिल्याच दिवशी जे सांगितलं ते म्हणूनच लाखमोलाचं.

उशिरा उठा म्हणजे काय?

आता खरा मुद्दा. या सगळ्यातून मला सर्वांत जास्त उपयोग कशाचा झाला? सुईचा नाही, काढ्याचाही नाही. एका फुकटच्या सल्ल्याचा!

‘ह्वांगदी नेइजिंग’ हा चिनी वैद्यकाचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा पायाभूत ग्रंथ. त्यात ऋतूंप्रमाणे कसं राहावं ते दिलंय. हिवाळा हा साठवणीचा ऋतू, म्हणून लवकर झोपावं, उशिरा उठावं आणि सूर्य येईपर्यंत वाट बघावी, असा त्याचा मथितार्थ. मी मॅडमना म्हटलं, ‘लवकर निजे लवकर उठे हे ऐकून मोठी झाले, आणि हे काय भलतंच?’

माझं रुटीन काय होतं ते ऐका. अमेरिकेच्या क्लायंटबरोबर रात्री साडेअकरापर्यंत कॉल. आणि पहाटे पावणेसहाला वर्सोवा बीचवर रनिंग, कारण फिटनेस! साडेपाच तासांची झोप, वर थंडीतली पहाट. डिसेंबर-जानेवारीत मुंबईत सूर्य उगवतो सात-सव्वासातला. म्हणजे मी रोज तासभर अंधारात दम टाकत होते.

आणि या सल्ल्याला आजच्या मुंबईत एक वेगळंच कारण मिळालंय. हिवाळ्यात रात्री जमीन गार पडते. तिच्यालगतची हवा गार आणि जड होते, वर गरम हवेचा थर झाकणासारखा बसतो. बांधकामांची धूळ, गाड्यांचा धूर, कचरा जाळल्याचा वास, सगळं त्या झाकणाखाली कोंडतं. पहाटेचा मंद वाराही जमिनीकडून समुद्राकडे, म्हणजे समुद्रकाठी राहूनही आपल्या वाट्याला शहराचीच शिळी हवा. ऊन चढलं की झाकण उघडतं आणि दुपारी समुद्रावरून वारा सुटला की हवा खेळती होते. २०२३च्या ऑक्टोबरात महापालिकेला बांधकामांच्या धुळीसाठी खास नियमावली काढावी लागली, इतकी आपली थंडीतली हवा बिघडली होती. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वैद्यांना एक्यूआय माहीत नव्हता. पण सूर्याची वाट बघा म्हणाले, आणि माझ्या फुप्फुसांना ते पटलं.

लवकर झोपायचं मात्र सोपं नव्हतं, कारण ते माझ्या हातात नव्हतं. रात्रीचा कॉल कोण घेणार? आठवडाभर मनात घोकून शेवटी मी टीम लीडला म्हटलं, ‘सर, हिवाळ्यात मला दमा होतो. दोन महिने रात्रीचे कॉल आपण आळीपाळीने घेऊ या का?’ मला वाटलं, ॲप्रेजल गेलं. ते म्हणाले, ‘मला आधी का नाही सांगितलं? मलाही झोप हवीय.’ टीममधल्या चौघांनी वार वाटून घेतले. आठवड्यातून एक-दोनच रात्री माझ्या वाट्याला. बाकी दिवशी साडेदहाला पाय गरम पाण्यात बुडवून पंधरा मिनिटं (सोसेल इतकंच गरम, आणि डायबिटीस असेल तर आधी डॉक्टरांना विचारा), मग मोजे आणि गुडुप! उठायचं सव्वासातला. रनिंग बंद, त्याऐवजी घरातच स्ट्रेचिंग. शनिवार-रविवारी चार वाजता, समुद्राचा वारा सुरू असताना बीचवर चालायचं.

निकाल? गेल्या हिवाळ्यात खोकला आला, नऊ दिवस राहिला आणि गेला. इमर्जन्सीची फेरी एकदाही नाही. एका मुलीचा एक हिवाळा हा काही पुरावा नव्हे, आणि लस, इन्हेलर, झोप, स्कार्फ यांतलं श्रेय कुणाचं ते मला वेगळं काढता येणार नाही. पण एक गोष्ट बघा. यातलं सर्वांत अवघड काम होतं ते रात्रीचा कॉल सोडायला तोंड उघडणं. काढा कुणीही उकळून देईल, सुया पैसे देऊन मिळतात. विश्रांती मात्र मागावी लागते.

तेव्हा या डिसेंबरात आलं घाला, पेज प्या, मान झाका, पाय शेका. श्वासाचा त्रास असेल तर डॉक्टरांची औषधं चालूच ठेवा. आणि पहाटे पाचला जिममध्ये चल म्हणून कुणी मित्राने फोन केलाच, तर सरळ सांगा, दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी वैद्यांनी मनाई केलीय. आणि पांघरूण ओढून घ्या!